स्वहस्ते

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज माझा होता, आणि मला त्याचा गर्व होता. आईचा मिक्सर, अण्णांचा टीव्ही, पाच-सहा दिवसांनी नळाला पाणी आलं की गल्लीभर उठणारी "आलं, आलं"ची हाक, या सगळ्यावर माझा आवाज चढायचा. अण्णा वाळूजच्या कंपनीतून थकून यायचे, आई त्यांच्यापुढं धपाटे आणि दही ठेवायची आणि मी समोर बसून दिवसभरात कुठं काय अन्याय झाला ते सांगायचे. अण्णा मान हलवायचे. ते ऐकत नव्हते, जेवत होते, हे मला फार नंतर कळलं. बरोबरीच्या मुली बँकेच्या परीक्षांना बसत होत्या आणि मी चार बायकांच्या एका लहानशा गटात होते. हुंड्याविरुद्ध, लग्नातल्या थाटाविरुद्ध पत्रकं काढायची, गठ्ठा घेऊन मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहायचं आणि हाकलून देईपर्यंत बोलायचं, हे आमचं काम. पत्रकं मी लिहायचे. गटातल्या थोरल्या शैलाताई म्हणायच्या, "मनीषा, पत्रकात एक शब्द असा पाहिजे की माणसानं कागद चुरगाळला तरी तो मुठीत टोचला पाहिजे." ते मला जमायचं. रुखवतावरचं पत्रक माझंच. नवरीनं केलेल्या वस्तू मांडवात टेबलावर मांडायच्या आणि वऱ्हाडानं त्या बघून तिची किंमत करायची, याच्यावर मी तावातावानं लिहिलं होतं. मथळा होता, 'मुलीचे हात बाजारात मांडू नका'. तो कागद अजून माझ्याकडं आहे. हे प्रकरण लिहायला घेण्याआधी बाहेर काढून वाचला. वाईट लिहिलेला नाही, हेच जास्त वाईट वाटलं.

मग आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग चिरका, मग एका कार्यालयाच्या दारात भर भाषणात नुसती हवा बाहेर पडायला लागली. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आल्यात, दोन महिने एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आई दवाखान्यातच हात जोडून म्हणाली, "ऐकलं बाई देवानं माझं." मी पाटीवर 'हसू नकोस' असं लिहून तिच्यापुढं धरली. ती आणखी हसली. पण चार दिवसांत तिचं हसू संपलं. मी घरभर पाटी आपटत फिरायचे, टीव्हीवरच्या बातम्यांना उत्तरं लिहायचे, भांडी आदळायचे. शेवटी आईनं मला रिक्षात घातलं आणि छावणीत फ्लोरीमावशीकडं नेऊन सोडलं, आणि मग रोज दिवसभर मी तिथंच.

फ्लोरीमावशी निवृत्त नर्स. मी जन्मले तेव्हा आईजवळ तीच होती, तेव्हापासूनची ओळख. छावणीतल्या बैठ्या चाळीत दोन खोल्या, दारात पत्र्याच्या डब्यांत लावलेला पुदिना, भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्यावर क्रोशाची झालर. खरं तर त्या घरात क्रोशाची झालर नव्हती अशी वस्तू नव्हती. पाण्याचा माठ, रेडिओ, गॅसची टाकी, औषधाचा डबा, सगळ्यांना दोऱ्याचे झगे. मागून लष्कराच्या मैदानातली शिट्टी ऐकू यायची आणि ठरल्या वेळी बिगुल. मावशी चहात आलं ठेचून घालायची, सोबत बेकरीची खारी, आणि पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातातली पाटी काढून घेतली. "ये सब नाटक बंद. बोलायचं नाय तर नाय. हात दे इकडं." तिनं क्रोशाची सुई आणि पांढरा दोरा माझ्या हातात ठेवला. साखळी शिकवली, खांब शिकवला. मग एक टाका असा आला की ज्यात दोरा सुईवर एकदाच घ्यायचा, उंची येत नाही, पण वीण घट्ट बसते. मावशी म्हणाली, "याला मुका खांब म्हणतात." माझं तोंड बघून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "आता हा तुझा टाका. दिवसभर हाच घाल."

मी दिवसभर तोच घातला. मला हे कबूल करायला आजही लाज वाटते, पण तेवढं सुख मला त्याआधी कुठल्याच कामात मिळालं नव्हतं. माझ्या कामात समोर कायम कुणीतरी विरोधात असायचं. दोरा विरोधात नव्हता. चुकलं तर ओढायचा, सगळं सुटायचं, पुन्हा सुरू. रात्री झोप लागायला लागली. अण्णांच्या ताटाशेजारी मी गुपचूप विणत बसायचे आणि अण्णा, आयुष्यात पहिल्यांदा, मला कंपनीतल्या गोष्टी सांगायला लागले. म्हणजे इतकी वर्षं त्यांच्याकडं सांगण्यासारखं होतं. मी जागाच दिली नव्हती.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तोंड उघडायला परवानगी दिली, पण ओरडायला नाही. तोवर आमच्या दाराला मी विणलेलं तोरण लागलं होतं आणि ते बघून शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "आमच्या पिंकीचं लग्न आलंय. पोरगी नोकरी करती, तिला कुठला आलाय वेळ. तुमच्या मनीषानं रुखवत केलं तर? पैसे देऊ की. फक्त कुठं बोलायचं नाय, पिंकीनं केलं म्हणून मांडायचंय." आईनं माझ्याकडं बघितलं. तिला माझं पत्रक माहीत होतं. मी गप्प होते. आईला वाटलं, घशामुळं.

मी ते केलं. ताटावरचे रुमाल, तोरण, कळसावरचा नारळ, लोकरीचं तुळशीवृंदावन, बोटभर उंचीचे नवरा-नवरी. करताना एवढी रमले की कुणासाठी करतेय हे विसरले. पिंकीनंतर तिची मामेबहीण, मग मामेबहिणीची मैत्रीण. वर्षभरात मी आमच्या पुढच्या खोलीतला दिवाण बाहेर काढून तिथं टेबल टाकलं. घरात माझ्या कामाला पहिल्यांदा 'काम' म्हटलं जायला लागलं, अण्णा पाहुण्यांना सांगायचे, "मनूचा बिझनेस आहे." शैलाताईंना मी सांगायचे, घसा अजून बरा नाही. त्या फोनवर म्हणायच्या, "जप बाई, आवाज आहे तर आपण आहोत." त्यांना मी जे सांगितलं नाही ते हे, की घसा कधीच बरा झाला होता.

आता त्या चिठ्ठीबद्दल. रुखवताच्या टेबलावर प्रत्येक वस्तूपुढं एक चिठ्ठी ठेवायची पद्धत असते, वस्तूचं नाव, मुलीचं नाव. लोकांच्या चिठ्ठ्या बघून माझं डोकं उठायचं. वेडीवाकडी अक्षरं, चमकीच्या पेनानं. मी दोन वर्षं फलक रंगवले होते, माझं अक्षर लांबून वाचता येतं. तेव्हा चिठ्ठ्याही मीच द्यायला लागले, जाड कागदावर, काळ्या शाईत. आणि नुसतं नाव मला कोरडं वाटलं. टोचणारा शब्द पाहिजे. मी लिहिलं, 'चि. सौ. कां. पिंकी हिने स्वहस्ते विणलेले'. हा शब्द कुणीही मागितला नव्हता. काकूंनी नाही, पिंकीनं नाही. त्यांना फक्त झाकायचं होतं. खोटं ठळक अक्षरांत छापायची कल्पना माझी. लोकांना तो शब्द फार आवडला. "ते स्वहस्तेवालं रुखवत पाहिजे," असे फोन यायला लागले.

वर्षा आली ती तिच्या आईबरोबर, खुलताबादकडच्या एका खेड्यातून. वीस-एकवीसची, काळीसावळी, बसल्याबसल्या सगळी खोली बघून घेणारी. तिचा उजवा हात कडबा कापायच्या यंत्रात सापडला होता. दोन बोटं गेली होती आणि उरलेली वळत नव्हती. तिनं तो हात पदराखाली घेतला नव्हता, मांडीवर सरळ ठेवला होता. तिची आई वस्तू बघत होती तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू का? ती स्वहस्तेची चिठ्ठी माझ्या रुखवतावर नका लावू."

"का गं? सगळ्यांना लावते."

"लावा की सगळ्यांना. बघायला आले व्हते तवा मी ह्यो हात सगळ्यांपुढं काढून दाखवला. आई डोळं वटारायली व्हती तरी दाखवला. म्हटलं, हे असं हाय, भाकऱ्या डाव्या हातानं थापती, पटत असंल तर हो म्हणा. ते हो म्हणले. आता त्याच हातानं इणलं म्हणून कसं लिहायचं?"

"मग रुखवत तरी कशाला मांडतेस?"

"आईची हौस. टेबल रिकामं दिसलं तर ती रडंल. नुसतं 'वर्षाचं रुखवत' लिहा. ते काय खोटं नाय, पैसं देऊनच आणलंय."

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले. आमच्या गटात इतक्या सभा घेऊन जे आम्ही मुलींना शिकवू पाहत होतो ते ही पोरगी कुणी न शिकवता करून आली होती, हे मला दिसत होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी आईला तिच्याबद्दल तासभर सांगितलं. आई म्हणाली, "मग तिच्याकडनं पैसे कमी घे." तेवढं मी केलं.

लग्न सिल्लोडच्या रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. मोठी ऑर्डर असली की मी स्वतः जाऊन टेबल लावायचे. त्या दिवशी टेबल असं काही जमलं होतं की मी स्वतःच मागं सरून बघत राहिले. निळ्या कापडावर पांढरं काम, मधे तुळशीवृंदावन, कडेला दोऱ्याचा गुंडा आणि त्यात खोचलेली माझी सुई, शोभेला. फोनवर रोज कामाचे फोटो टाकायचे, त्यावरच नवीन गिऱ्हाइकं यायची. आणि फोटोत पुढची बाजू रिकामी दिसत होती. माझ्या पिशवीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. नाव सोडून बाकी मजकूर मी आधीच लिहून ठेवलेला असायचा. मी एका चिठ्ठीवर 'वर्षा' लिहिलं आणि ती वृंदावनापुढं उभी केली. फोटो काढते आणि लगेच उचलते, असं ठरवून. फोटो काढले, दोन-चार. मग ते टाकत बसले. तेवढ्यात बँड वाजला, वऱ्हाड आत शिरलं, दोन बायका माझा नंबर विचारायला आल्या, आणि मी नंबर देत होते.

नवऱ्या मुलाची आत्या पुढं होती. जाडजूड, नाकात मोठी नथ, आवाज माझ्या जुन्या आवाजासारखा. तिनं चिठ्ठी उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. "चि. सौ. कां. वर्षा हिने स्वहस्ते विणलेले." मग वर बघून म्हणाली, "कोणत्या हातानं गं?"

माणसं हसली. वर्षा हळदीच्या साडीत शेजारच्या खोलीच्या दारात आली होती, तिला कुणीतरी ओढतच पुढं आणलं. आत्यानं गुंड्यातली सुई काढून तिच्यापुढं धरली. "हे घे. दोन टाकं घालून दाव. आमच्या घरात इतकी गुणाची सून यायली, बघू तर दे."

वर्षानं आधी चिठ्ठी बघितली. मग मला बघितलं. मी टेबलापासून चार हातांवर उभी होते, हातात फोन. माझा घसा ठणठणीत होता. मला एवढंच म्हणायचं होतं, विणलंय मी, चिठ्ठी लावलीय मी, तिनं नको म्हणून सांगितलं होतं. तीन वाक्यं. मी अनोळखी कार्यालयांच्या दारात उभं राहून तासतास बोललेली बाई. आणि माझ्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं? बोलले तर ज्या ज्या मुलींचं मी केलंय त्या सगळ्या उघड्या पडतील, त्यांना मी शब्द देऊन बसलेय, माझ्यावर विश्वास आहे त्यांचा. किती चांगलं कारण! मी स्वतःलाच पत्रक वाचून दाखवत होते. खरं कारण माझ्या शेजारी उभं होतं; त्या दोन बायकांनी नुकताच माझा नंबर उतरवून घेतला होता.

वर्षा म्हणाली, "माझ्या हातानं नाय व्हत."

"मग खोटं कशाला लिव्हलं?"

तिनं माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडं पुन्हा बघितलंसुद्धा नाही. नाव घेतलं असतं तर ती सुटली असती. मी आजही मोजून सांगू शकत नाही की ती किती वेळ तशी उभी होती. तिची आई मधे येऊन "ऱ्हाऊ द्या ना आत्याबाई, चूक झाली" म्हणेपर्यंत. नवरा मुलगा बुटाकडं बघत होता. "हात बघून केली व्हती आम्ही," आत्या म्हणाली, "हाताचं काय नाय. पण पोरगी लबाड निघाली." मग अक्षता झाल्या, पंगती उठल्या. मी जेवले. लोकांनी वाढलं, मी जेवले. हे लिहायचं नव्हतं मला, पण लिहिते.

त्यानंतर मी 'स्वहस्ते' बंद केलं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा जाळला, शैलाताईंकडं जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मला कशाला सांगतेस? मी काय तिची सासू आहे?" मला राग आला. मग कळलं की त्या मला सिल्लोडचा रस्ता दाखवत होत्या.

तरी मला जायला वर्ष लागलं. वर्षाचं सासर त्याच रस्त्याला लागून, पुढं मक्याचा ढीग, मागं गोठा. सासू खाटेवर शेंगा फोडत बसली होती. वर्षानं मला ओळखलं, चहा ठेवला, डाव्या हातानं कप आणून दिला. मी तिथंच, सासूपुढं, उभी राहून बोलले. सगळं. काम माझं, चिठ्ठी माझी, तिनं नको म्हटलं होतं, मी फोटोसाठी लावली. घरी चार वेळा घोकून गेले होते.

सासू शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "तवा कुठं गेलं व्हतं तोंड?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"वर्सभर गाव तिला स्वहस्ते म्हणतंय. आमच्या घरात बी म्हणत्यात. मीच म्हणती कवा कवा." तिनं सुनेकडं बघितलं. "मला का नाय सांगितलं गं तू?"

"सांगितलं व्हतं," वर्षा म्हणाली. "तुमी म्हणलाव, आता नवं खोटं काढलं."

सासूचा हात शेंगांवर थांबला. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं घडेल. आम्हा पत्रकवाल्यांना असं वाटतं, खरं सांगितलं की माणसं बदलतात. सासूनं हात झटकले आणि म्हणाली, "काम मातर लई सुबक हाय तुमचं. आमच्या धाकट्या लेकीचं जमायलंय. तिचं करून द्या. आन तसंच लिव्हायचं बरं का, स्वहस्ते. तिचे तर दोन्ही हात धड हायत."

मी तिथल्या तिथं नाही म्हणाले. ठणकावून. जुना आवाज निघाला एकदाचा. मुलीचे हात, बाजार, सगळं बोलले. वर्षा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली, आणि वाटेत थांबून म्हणाली, "ताई, तुमी नाय केलं तर ते मला करायला लावतील. म्हणतील, तुला तर येतंय की. हसायला निमित्त पाहिजे त्यास्नी. तुमचं बोलणं झालं, तुमी बसनं जाताल."

मी केलं ते रुखवत. तीन आठवडे, बाकी सगळी कामं मागं ठेवून. चिठ्ठ्याही लिहिल्या, सासूनं सांगितल्या तशा, त्या शब्दासकट. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. सगळं खोक्यात भरून पाठवलं. लग्नाला मी गेले नाही. आज माझ्याकडं तिघी जणी कामाला आहेत, पाट्या, झबली, पडदे करतो, प्रत्येक वस्तूवर करणारीचं नाव असतं, आणि लोक मला विचारतात की ही कल्पना कुठून सुचली. मी विषय बदलते.

त्या धाकटीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वर्षाकडून फोटो आला. टेबल तिनं मांडलं होतं, माझ्यापेक्षा बरं. सगळ्या वस्तू होत्या, चिठ्ठी एकही नव्हती. खाली तिचा आवाज होता, मागं भांड्यांचा खडखडाट. "चिठ्ठ्या हारवल्या म्हणून सांगितलं मी, ताई. सकाळीच चुलीत घातल्या. आत्याबाईनं लई बोलून घेतलं मला, सासूनं बी. बोलू दे. पण आमच्या धाकटीला टाका घालून दाव म्हणून कुणी म्हणलं नाय."